लागली की बसायचं

जावईबापूंना एक नाव होतं. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरही होतं. पण खेळण्यांच्या त्या कारखान्यात आणि कारखान्यामागच्या त्या मोठ्या घरात ते वापरायची कुणाला कधी गरज पडली नाही. गेटवरचा वॉचमन त्यांना जावईबापू म्हणायचा, साच्यांत प्लास्टिक ओतणारी पोरं जावईबापू म्हणायची, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनीही "जावईबापू आहेत का" असंच विचारलं. घरजावई झालं की माणसाचं असं होतं. मान उदंड मिळतो, त्याखाली माणूस कुठे गेला ते कुणी बघत नाही.

त्या आठवड्यात जावईबापू इतिहासाच्या खोलीत कोंडल्यासारखे झाले होते. कारखान्याचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि आबांनी, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी, फोमच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुकांचा सगळा इतिहास एका खोलीत मांडायचं ठरवलं होतं. ठरवायचं आबांनी आणि मांडायचं जावईबापूंनी, ही त्या घरातली जुनी वाटणी. खोली म्हणजे पूर्वीचं फोमचं गोदाम. खिडकी नाही. भिंतींना अजून जुने फोमचे तक्ते चिकटलेले, त्यामुळे आत बोललेला शब्द लांब जायचाच नाही, तोंडासमोरच पडायचा. जावईबापू तिथे एकटेच फडताळांवर बंदुका लावत आणि आबांच्या शब्दांतले फलक ठोकत बसायचे.

पहिल्या फडताळावर बंदूक नव्हतीच. तिथे एक उशी होती आणि एक फोमचा चेंडू. आबांचा मूळ धंदा गाद्या-उशांचा. कापताना उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं म्हणून त्यांनी चेंडू काढले. घरात खेळा, काच फुटणार नाही, आजोबांच्या डोक्यात बसला तरी ते झोपेतून उठणार नाहीत, अशी त्याची जाहिरात होती. चेंडू बरा खपला.

दुसऱ्या फडताळावर सायकलचा पंप होता आणि त्याखाली फलक: "एका दुपारी संस्थापकांना कल्पना सुचली." तो फलक ठोकताना जावईबापूंनी खिळा दोनदा वाकडा घातला. त्या दुपारी संस्थापक जिन्यात उभे होते. पंपात फोमचा तुकडा कोंबून दट्ट्या हाणणारा होता कारखान्यातला एक तरुण यंत्रदुरुस्तीवाला, ज्याला तेव्हा लोक त्याच्या नावाने हाक मारायचे. तुकडा सुटला तो थेट मालकांच्या मुलीच्या कानावर बसला. तिने तो उचलला, उलटसुलट करून बघितला, त्याच्याजवळ येऊन त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "परत मार बघू." जिन्यातून आबा म्हणाले, "हे विकता येईल." त्या एका दुपारी दोन व्यवहार झाले. आबांनी मुलगी दिली आणि बंदूक ठेवून घेतली. जावईबापूंची त्याला तेव्हा काहीच हरकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मुलीच्या बाबतीत अजूनही नव्हती.

पुढची फडताळं भराभर लागली. गोल चेंडू सोफ्याखाली जायचा, म्हणून लांबट गोळी आली, पुढे रबराची टोपी लावलेली. पंप मारून मुलांचे हात दुखायचे, म्हणून स्प्रिंग आली. दट्ट्या मागे ओढायचा, खटका दाबायचा, झालं. मग एका गोळीवर मुलांचं भागेना, म्हणून गोल फिरणारी फिरकी. मग बॅटरी आणि मोटर, म्हणजे दट्ट्या ओढायलाही नको. मुलं नळीत पेन्सिली कोंबायला लागली तेव्हा जावईबापूंनी नळीच्या तळाशी एक बारीक अडसर बसवला. आपली गोळी नीट बसली तरच हवा सुटायची, दुसरं काही घातलं तर बंदूक नुसती फुस्स करायची. आबांना हवी असायची लांब जाणारी गोळी आणि कायद्याला हवी असायची न लागणारी. त्या दोघांच्या मध्ये जावईबापूंचं आयुष्य गेलं. जोर वाढवायचा आणि मग तोच जोर आपल्या हाताने कमी करायचा.

प्रत्येक नव्या बंदुकीची चाचणीही त्यांच्यावरच व्हायची. आबा चार पावलांवर उभे राहून त्यांच्या गालावर गोळी मारायचे आणि विचारायचे, "लागलं का, जावईबापू?" जावईबापू म्हणायचे, "नाही लागलं." की माल बाजारात. प्रयोगशाळेतली यंत्रं पुढे आली, पण आबांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. कधी कधी लागलेलं असायचं. तेव्हाही जावईबापू "नाही" म्हणायचे आणि संध्याकाळी गुपचूप कारखान्यात जाऊन स्प्रिंग बदलायचे.

या सगळ्यातून त्या घरात एक नियम जन्माला आला होता. मेहुण्याची मुलं लहान असताना घरभर गोळ्या झाडायची आणि "लागली", "नाही लागली" यावरून त्यांची हाणामारी व्हायची. आबांनी निकाल दिला. लागली की बसायचं. जिथे असशील तिथे बसायचं आणि तोंड बंद. ज्याने मारली तो स्वतः येऊन गोळी उचलेल तेव्हाच बोलायचं. मुलांना हा नियम इतका आवडला की खोक्यावरही छापला. मुलं मोठी झाली, दूरच्या शहरांत गेली. नियम मात्र घरातच राहिला आणि हळूहळू जेवणाच्या टेबलावर चढला. आबांच्या ताटाच्या उजव्या हाताला, इतरांचा चमचा असतो तिथे, कारखान्यातली सगळ्यात पहिली स्प्रिंगची बंदूक असायची. जेवताना कुणी नको ते बोललं की आबा हसत हसत ती उचलायचे. गोळी शर्टावर बसायची, सगळे हसायचे, बोलणारा गप्प बसायचा. आबांना गोळी उचलायची आठवण कधी लगेच व्हायची, कधी फळं खाऊन झाल्यावर, कधी व्हायचीच नाही.

रागवायला जागाच नव्हती हो. फोमच्या गोळीवर कुणी कसं रागवायचं? तिथेच सगळी मेख होती. आबांनी कधी आवाज चढवला नाही, जावयाला एकदाही अरेतुरे केलं नाही. मारलं ते सुद्धा फोमने.

जावईबापू घर सोडायचं म्हणून या टेबलाशी याआधीही उभे राहिले होते. एकदा लग्नानंतर थोड्याच दिवसांनी. एकदा कारखाना मेहुण्याच्या हाती गेला तेव्हा. एकदा बायकोला दूरच्या इस्पितळात काम मिळालं तेव्हा. ती मुलांना हातापायांचे व्यायाम शिकवायची. प्रत्येक वेळी "आबा, आम्ही" एवढं झालं की छातीवर टप् व्हायचं. जावईबापू बसायचे. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बसल्यावर त्यांना थोडं हायसंही वाटायचं. आपण बोललो असतो, गोळी लागली म्हणून राहिलं. असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

आता पुन्हा एक दार उघडलं होतं. त्यांच्याबरोबर एकेकाळी लेथवर काम केलेला एक मित्र होता, सगळे त्याला लोहार म्हणायचे. त्याने दुसऱ्या गावात लहान मुलांसाठी कृत्रिम हात बनवायची शाळेएवढी कार्यशाळा काढली होती. त्याला स्प्रिंग कळणारा माणूस हवा होता आणि ते हात वापरायला मुलांना शिकवणारी बाईही हवी होती. वर राहायला दोन खोल्या होत्या. सोमवारपासून या, म्हणाला होता. नाही आलात तर माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे, पण तो मला तुझ्याइतका आवडत नाही.

बायकोने तिची बॅग गुरुवारीच भरली. जावईबापू पलंगाच्या कडेवर बसून बघत होते.

"आबांना तू सांग ना," ते म्हणाले. "तुझे वडील आहेत."

"मी सांगितलं तर काय होईल माहितेय?" ती घडी घालता घालता म्हणाली. "मी तुला ओढून नेलं असं होईल. तिथे जाऊनही तू असाच बसशील, आणि आबांच्या जागी मी असेन. ते मला नकोय."

"मग?"

"मग काय, तुझं तू बोल. एक वाक्य आहे. आबा, आम्ही जातोय. एवढं तू म्हणालास की पुढचं सगळं मी बघते. रडले तर रडू दे, मी त्यांची समजूत घालेन." तिने बॅगेची चेन लावली. "नाही म्हणालास, तर मी एकटी जाईन. मी चिडून नाही म्हणत. मला ते काम करायचंय, आणि इथे माझा जीव घुसमटतोय."

"आणि मी?"

"तुझा नाही घुसमटत?"

घुसमटत होता. इतकी वर्षं घुसमटत होता की मोकळा श्वास कसा असतो तेच ते विसरले होते. पण हे त्यांना तेव्हाही धड म्हणता आलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. तिने त्यांच्या केसांतून हात फिरवला आणि दिवा घालवला.

शनिवारी आबांची टेबलावरची बंदूक तेलपाण्यासाठी जावईबापूंकडे यायची. त्या दिवशीही आली. इतिहासाच्या खोलीत, मोटरच्या चकचकीत बंदुकांपुढे बसून त्यांनी ती उघडली, पुसली, आणि स्प्रिंग हातात घेऊन बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग तार कापायची कातर घेतली आणि स्प्रिंगचे काही वेढे कापून टाकले. पुन्हा जोडली, गोळी भरली, भिंतीवर झाडली. गोळी भिंतीपर्यंत गेलीच नाही, वाटेतच मान टाकून खाली पडली. जावईबापूंनी जेवणाच्या टेबलाचा मनात हिशोब केला. आबा या टोकाला, आपण त्या टोकाला. मीठदाणीच्या पुढे ती येणार नाही.

त्यांना एकदम हसू आलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना लागू नये म्हणून जोर कमी केला, आज पहिल्यांदा स्वतःसाठी केला. आता नियम आपल्या बाजूने आहे, असं त्यांना वाटलं. लागलीच नाही तर बसायचं कशाला? बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर एकदाचं मर्दासारखं बोलून दाखवायचं होतं, आणि त्यात कातरीचा हात आहे हे तिला कळायला नको होतं.

रविवारी टेबल लागलं. टोकाला आबा, एका बाजूला मेहुणा आणि त्याची बायको, दुसऱ्या टोकाला जावईबापू आणि कोपऱ्यावर त्यांच्या शेजारी त्यांची बायको. आबांचे हात आता थरथरायचे, दट्ट्या त्यांना मागे ओढता यायचा नाही. त्यामुळे दर रविवारी जेवणाआधी जावईबापूच बंदूक भरून त्यांच्या ताटाजवळ ठेवायचे. आजही ठेवली. दट्ट्या लोण्यातून सुरी फिरावी तसा मागे आला, पण ते कळणारं टेबलावर दुसरं कुणी नव्हतं.

सूप झालं. बटाटे फिरले. मेहुणा वर्धापनदिनाला कुणाकुणाला बोलवायचं ते सांगत होता. बायकोने टेबलाखाली जावईबापूंच्या गुडघ्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि काढून घेतला.

जावईबापू उभे राहिले.

"आबा, एक बोलायचं होतं."

"दाजी उभे राहिले म्हणजे भाषण आहे," मेहुणा म्हणाला. "बटाटे जरा इकडे सरकवा, वेळ लागणार."

"बोला जावईबापू," आबा म्हणाले आणि त्यांचा हात सवयीने बंदुकीवर गेला. डोळ्यांत तेच जुनं मिश्कील हसू होतं.

"आबा, उद्यापासून आम्ही दोघं..."

खटका वाजला.

गोळी सुटली, टेबलावरून थोडी पुढे आली, दमली आणि मीठदाणीला टेकून थांबली. हिशोब अगदी बरोबर निघाला होता.

जावईबापूंनी ते पाहिलं तेव्हा ते बसलेले होते. गोळी कुठे पडते हे बघायला त्यांचे गुडघे थांबलेच नव्हते. खटका ऐकला आणि पाय मुडपले. तोंडही मिटलेलं होतं, हात मांडीवर होते, नजर ताटात.

मेहुणा मोठ्याने हसला. "आबा, नेम गेला तुमचा."

"दाजी, अहो लागलीच नाही तुम्हाला," मेहुण्याची बायको म्हणाली. "उठा की. काय तुम्ही पण."

आबांनी बंदूक डोळ्यांजवळ नेऊन बघितली, मग मीठदाणीकडे बघितलं, मग जावयाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्याजागी एक साधं, म्हाताऱ्या माणसाचं आश्चर्य होतं. "खरंच की," ते म्हणाले. "लागली कुठे? बोला तुम्ही, जावईबापू. उद्यापासून काय?"

ते खरंच विचारत होते. थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आबांनी बंदूक बाजूला ठेवली, कोपर टेबलावर टेकवलं आणि जावई काय म्हणतो ते ऐकायला पुढे झुकले. दार सताड उघडं होतं. पलीकडे दोन खोल्या होत्या, लोहार होता, लहान मुलांच्या बोटांएवढ्या स्प्रिंगा होत्या. बोलायचं होतं ते सगळं मिळून एक वाक्य.

जावईबापूंनी तोंड उघडलं. घशाशी वाक्य आलं होतं, त्यांना ते अगदी स्पष्ट जाणवलं. आणि त्याचबरोबर हेही जाणवलं की आता आपल्याला कुणीही अडवत नाहीये. इतकी भीती त्यांना बंदुकीची कधीच वाटली नव्हती.

"उद्यापासून," ते म्हणाले, "इतिहासाच्या खोलीत दिवे बसवायला घेतो, असं म्हणत होतो. आम्ही दोघं. म्हणजे मी आणि इलेक्ट्रिशियन."

"एवढंच ना?" आबा म्हणाले. "घ्या की. त्यात विचारायचं काय?"

बायकोने काटा ताटात ठेवला. आवाज न करता ठेवला. "आबा," ती म्हणाली, "मी उद्यापासून इथे नसेन. लोहारांच्या गावी मला काम मिळालंय. मुलांबरोबर. आज दुपारच्या गाडीने जातेय."

आबा लेकीकडे बघत राहिले. रडावं की रागवावं हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं, त्यांच्याकडे एकच इलाज होता. त्यांनी हात लांब करून गोळी उचलली आणि बंदुकीसकट ती टेबलावरून जावयाकडे सरकवली. "जावईबापू," ते कसंबसं हसत म्हणाले, "जरा भरून द्या बरं. आमची लेक फार बोलायला लागली."

जावईबापूंनी बंदूक घेतली. दट्ट्या मागे ओढला. गोळी नळीत बसवली, अंगठ्याने दाबली, नीट बसल्याची खात्री केली. मग ती उलटी करून, मूठ आबांकडे येईल अशी, सरकवून दिली. हे सगळं हातांनीच केलं. त्यांना स्वतःला ते कळलं बायको हातांकडे बघतेय हे दिसल्यावर.

ते तिच्याकडे झुकले. "पोचणार नाही तुझ्यापर्यंत," ते घाईघाईने पुटपुटले. "मी कालच तिची स्प्रिंग कापलीय. मीठदाणीच्या पुढे येतच नाही. मला माहीत होतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. असता तर बरं झालं असतं.

"माहीत होतं," ती म्हणाली, "तरी बसलास?"

ती उठली, आबांजवळ गेली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. आबांची बोटं बंदुकीवर होती, पण त्यांनी ती उचलली नाही. मग जिन्यावर तिची पावलं वाजली, वर गेली, खाली आली. बॅगेची चाकं व्हरांड्यातून घरंगळत गेली. मेहुणा "अगं, निदान स्टेशनपर्यंत तरी सोडतो" म्हणत तिच्यामागे धावला, आणि त्याची बायकोही निघाली.

जावईबापूंना उठायचं होतं. खुर्ची मागे सरकवायची, व्हरांड्यात जायचं, अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसायचं. उशीर झालेला नव्हता. गाडी सुरू होऊन फाटकातून बाहेर पडून कोपऱ्यावर वळेपर्यंत उशीर झालेला नव्हता. ते सगळे आवाज त्यांनी एकेक करून, नीट बसून ऐकले.

टेबलाच्या दोन टोकांना आता ते दोघेच होते. मधे बटाटे गार होत होते. बऱ्याच वेळाने आबांनी बंदूक उचलली, कुणावरही न रोखता खटका दाबला. गोळी त्यांच्याच ताटापलीकडे पडली.

"स्प्रिंग गेलीय वाटतं हिची," आबा म्हणाले. "जरा बघाल का, जावईबापू?"

"हो आबा," जावईबापू म्हणाले. "उद्याच बदलतो."